सोलापूर : फोटो-व्हिडिओ स्टुडिओसाठी चार डिस्कचा नॅस घेतोय, रेड ५ करू की रेड १०?

कॅमेरावाला (धागाकर्ता)

मंडळी, जरा डोकं लावा.

अशोक चौकाजवळ आमचा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे. लग्न, मुंज, बारसं, शाळांची गॅदरिंग्ज, आणि जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत (गड्ड्यात) नंदीध्वजांच्या मिरवणुकीचं शूटिंग. दोन कॅमेरे फोर-के, वर ड्रोन. मोठं लग्न असलं की हळदीपासून वरातीपर्यंत ४००-५०० जीबी कधी होतात कळत नाही.

आत्ता सगळा माल काउंटरखालच्या खणात आहे. एक, दोन आणि चार टीबीच्या बाहेरून लावायच्या हार्डडिस्क, प्रत्येकीवर पांढऱ्या पट्टीवर मार्करने "२०२२ मे लग्नं", "गड्डा + शाळा" असं लिहिलेलं. एक पट्टी तर पुसलीच गेली आहे, लावून बघितल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. सगळं मिळून ९ टीबी भरतं. वर्षाला ३-४ टीबी वाढ धरा. एडिटिंगला दोन पीसी, मध्ये साधा गिगाबिट स्विच.

ठरवलंय असं की चार कप्प्यांचा नॅस (नेटवर्कवरून दोन्ही पीसींना वापरता येणारा डिस्कचा डबा) आणि ८ टीबीच्या चार डिस्क घ्यायच्या. आता त्या चार डिस्क एकत्र जोडायच्या, त्या पद्धतींना रेड म्हणतात. दुकानदार म्हणतो रेड ५ करा, २४ टीबी मिळतील. पुण्यातला मेहुणा म्हणतो रेड १० शिवाय बात नाही. असिस्टंट म्हणतो रेड ० करू, एडिटिंग पळेल. नॅस माळ्यावर ठेवायचा विचार आहे, खाली जागा नाही.

तुळशीच्या लग्नानंतर आमचा सीझन सुरू होतो. त्याच्या आत बसवायचं आहे.

---

शेंगाचटणी

रेड ० म्हणणाऱ्या असिस्टंटच्या हातात डिस्क देऊ नको बे. त्यात प्रत्येक फाईलचे तुकडे चारही डिस्कवर वाटलेले असतात, चारातली एक गेली की चारही गेल्या. नवरा-नवरीला काय सांगणार, पुन्हा उभे राहा म्हणून?

---

विजापूरवेस

रेड ० वर एकच मुद्दा, मग तो विषय संपवू. तुमचा स्विच गिगाबिट आहे, म्हणजे कागदावर सेकंदाला १२५ एमबी आणि प्रत्यक्षात ११० च्या आसपास. आजची साधी ७२०० आरपीएमची एकटी डिस्क मोठी फाईल सलग वाचताना १५० ते २०० च्या वर देते. अडथळा तारेत आहे. चार डिस्क जोडून तुम्ही ६०० केलेत तरी पीसीला ११० च मिळणार. वेग हवा असेल तर अडीच किंवा दहा गिगाबिटचा स्विच घ्या, नाहीतर चालू काम पीसीतल्या एसएसडीवर ठेवून एडिट करा आणि संपलं की नॅसवर टाका. दुसरा उपाय स्वस्त आणि बरा.

बाकीच्यांचा हिशोब ८ टीबीच्या चार डिस्क धरून सांगतो.

रेड ५ मध्ये एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला जाते, उरतात २४. पॅरिटी म्हणजे जादू नाही. समजा तीन डिस्कवर एकाच जागी १, ० आणि १ लिहिलंय. एक हा आकडा दोनदा आला, म्हणजे सम, म्हणून चौथीवर ० लिहायचा. आता मधली डिस्क मेली. उरलं १, १ आणि पॅरिटी ०. बेरीज समच राहायला हवी, म्हणजे मधे ० होता. असं प्रत्येक बिटाला. म्हणूनच एक डिस्क बदलायची तर उरलेल्या तीनही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

रेड ६ मध्ये पॅरिटी दुहेरी, कुठल्याही दोन गेल्या तरी चालतं, जागा १६. रेड १० म्हणजे दोन-दोनच्या आरशातल्या जोड्या (जोडीतल्या दोन्हींवर तोच माल), जागा तीच १६. एक गेली तर अडचण नाही. दुसरीही गेली तर ती कुठली यावर सगळं अवलंबून: उरलेल्या तिनातली एक तिची जोडीदार, ती गेली तर खेळ खलास. बाकी दोनांपैकी गेली तर वाचलात.

१९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी हा प्रकार मांडला तेव्हा महागड्या मोठ्या डिस्कऐवजी पीसीच्या स्वस्त डिस्क जोडून काम भागवायचं, हा उद्देश होता. तेव्हाच्या डिस्का मेगाबाइटमध्ये मोजायच्या. रेड ५ चं गणित त्या काळात फार देखणं होतं. आज एकेक डिस्क ८ आणि १६ टीबीची आहे.

---

मागावरचा

आमचा टॉवेलचा कारखाना, अक्कलकोट रोड एमआयडीसी. डेटा तुमच्यासारखा मोठा नाही, टॅली आणि जॅकार्डची डिझाइन्स, पण गेला तर माग उभे राहतात. दोन एसएसडी आरशात लावल्यात. त्यावर एक अनुभव सांगतो.

ऑफिसमधल्या एका पोराने जागा करायची म्हणून जुना दिसणारा फोल्डर उडवला. त्यात मागच्या तीन वर्षांची डिझाइन्स. मालक म्हणाले, "अरे मिरर आहे ना आपल्याकडे?" मिरर होता की. त्याने इमानदारीत दोन्हीकडून उडवला, त्याच क्षणी. वाचवलं कुणी, तर आमच्या अकाउंटंटबाईंनी. त्या दर शनिवारी एका छोट्या डिस्कवर सगळं उतरवून डबा-पिशवीतून घरी न्यायच्या. आम्ही हसायचो त्यांना.

तेव्हा रेड ५ की १० याच्या आधी एक विचारतो. त्या ९ टीबीची दुसरी प्रत कुठे आहे?

---

कॅमेरावाला

दुसरी प्रत म्हणजे... नॅस घेतला की तीच ना? चारातली एक जादा म्हणूनच तर एवढा खर्च.

---

दगडी_सर्व्हर

नाही हो. इथेच सगळे फसतात. रेड म्हणजे गाडीतली स्टेपनी. टायर पंक्चर झालं तर रस्त्यात अडकणार नाही एवढंच. गाडीच चोरीला गेली तर स्टेपनीही तिच्याबरोबरच गेली.

रेड फक्त एका गोष्टीपासून वाचवतो: डिस्क मरणं. चुकून डिलीट, रॅन्समवेअर, चोरी, आग, नळाचं पाणी, नॅसचा पॉवर सप्लाय जळताना चारही डिस्कना झटका, यातलं काहीही रेडच्या कक्षेत येत नाही. बॅकअप म्हणजे वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या जागी, आणि एरवी तार काढलेली प्रत. तार काढलेली यासाठी की पीसीला रॅन्समवेअर लागलं तर त्याला दिसेल ते सगळं तो कुलूपबंद करतो, लावून ठेवलेली बॅकअप डिस्कसुद्धा.

माझं मत, रेड ५ विसरा. ८ टीबीच्या डिस्कना रेड ५ करणं हा गुन्हा आहे. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, १०^१४ बिट वाचले की एक न वाचता येणारी चूक. हिशोब करा, १०^१४ बिट म्हणजे १२.५ टीबी. तुमचा रिबिल्ड, म्हणजे मेलेल्या डिस्कचा माल नव्या डिस्कवर पुन्हा बांधणं, तीन डिस्क वाचणार, २४ टीबी. म्हणजे रिबिल्ड होताना दोनदा अडखळणार हे ठरलेलंच.

---

विजापूरवेस

@दगडी_सर्व्हर, बॅकअपबद्दल शब्दाशब्दाला सहमत. शेवटच्या परिच्छेदाला नाही.

तो १०^१४ चा आकडा कमाल मर्यादा म्हणून दिलेला असतो, "याहून जास्त चुका होणार नाहीत" अशा अर्थाने. सरासरी म्हणून नाही. तुमचा हिशोब खरा असता तर महिन्याला एकदा सगळ्या डिस्क मिळून बनलेली अख्खी अ‍ॅरे वाचून तपासणारा प्रत्येक माणूस, म्हणजे स्क्रब चालवणारा, दर महिन्याला दोन चुका पाहत बसला असता. तसं होत नाही. ८ टीबीच्या जुन्या डिस्क वर्षानुवर्षं स्क्रब होतात आणि शून्य चूक दाखवतात. वरच्या वर्गातल्या डिस्कना तर १०^१५ लिहिलेलं असतं, म्हणजे १२५ टीबी.

शिवाय एक बिट वाचता आला नाही म्हणून सगळंच जातं असंही नाही. काही जुनी रेड कार्डं (रेड सांभाळणारी वेगळी कार्डं) तिथे रिबिल्ड सोडून देतात हे खरं. पण झेडएफएस (डिस्कवर फाइली ठेवायची एक प्रणाली) असेल तर ते कुठली फाईल खराब झाली तिचं नाव सांगतं आणि पुढे जातं. एका लग्नाची एक क्लिप गेली, ती बॅकअपवरून आणा.

रेड ५ ची खरी भीती वेगळी आहे. चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेतलेल्या. एकाच उन्हात तापलेल्या. एक गेली म्हणजे बाकीच्याही तेवढ्याच थकलेल्या, आणि नेमकं तेव्हाच त्यांना सलग दिवसभर पळवायचं.

---

दगडी_सर्व्हर

ठीक, "ठरलेलंच" हा शब्द मागे घेतो. निष्कर्ष तोच राहतो ना पण? रेड ५ नको.

---

विजापूरवेस

या माणसासाठी नको. बॅकअप पक्का असेल आणि जागा कमी पडत असेल तर एखाद्याला मी रेड ५ सुद्धा सांगेन. आकड्याला शिव्या देऊन काय होणार.

---

नवीपेठ_रिपेअर

दुरुस्तीवाल्याच्या बाजूने थोडं. आमच्याकडे जे मेलेले रेड येतात त्यातले बरेचसे डिस्क मेल्यामुळे मेलेले नसतात, माणसांनी मारलेले असतात.

एका ऑफिसमधली केस. चार डिस्कचा रेड ५, तिसऱ्या नंबरची गेली असं स्क्रीनवर आलं. माणूस गेला, वरून मोजत तिसरी खेचली. त्या डब्यात मोजणी शून्यापासून होती. चांगली डिस्क बाहेर, मेलेली आत, अ‍ॅरे जागच्या जागी आडवी. मग घाबरून ती परत घातली, स्क्रीनवर आलेल्या प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हटलं, त्यात एक "नव्याने सुरुवात करू का" असाही होता. माझ्याकडे आलं तेव्हा हात जोडण्यापलीकडे काही नव्हतं.

म्हणून डिस्क आत घालायच्या आधी प्रत्येकीच्या लेबलवरच्या सिरीयल नंबरचे शेवटचे चार आकडे छोट्या चिठ्ठीवर लिहायचे आणि ट्रेच्या तोंडाला चिकटवायचे. नॅस नेहमी सिरीयल नंबर सांगतो. खेचताना नंबर जुळवूनच खेचायचं.

दुसरं, मदरबोर्डच्या बायोसमध्ये जो रेड मिळतो त्याच्या नादी लागू नका, कुणी फुकट सेट करून देतो म्हटलं तरी. सेल उतरला की बायोस मूळ सेटिंगवर जातं, रेड मोड बंद होतो आणि विंडोज सुरूच होत नाही. जाणकाराने पाहिलं तर मोड परत लावून काम भागतं, पण तोवर कुणीतरी फॉरमॅट मारलेलं असतं.

---

शेंगाचटणी

शून्यापासून मोजणाऱ्यांना मी कुठे भेटलो तर बोलेन म्हणतो.

---

कॅमेरावाला

हे सगळं वाचून काल रात्री झोप लागली नाही, धन्यवाद :)

मग समजा ८ च्या चार डिस्क घेतल्या आणि रेड ६ नाहीतर १० केलं, १६ टीबी मिळाले. वर बॅकअपला आणखी डिस्क घ्यायच्या. बजेट गेलं की.

---

विजापूरवेस

म्हणूनच प्रश्न उलटा सोडवू. रेडचा नंबर बाजूला ठेवा. तुम्हाला हवंय काय? आज ९ टीबी, वर्षाला ३-४ ची वाढ. म्हणजे दुकानात १६ टीबी, आणि तेवढंच सगळं दुकानाबाहेर.

मी असतो तर १६ टीबीच्या तीन डिस्क घेतल्या असत्या. दोन नॅसमध्ये, साधा आरसा, रेड १. तिसरी यूएसबीच्या डब्यात, बॅकअप, घरी.

जागा बघा: १६ टीबी. चार डिस्क लावून रेड ६ किंवा १० ला जेवढी मिळणार होती तेवढीच. नॅसचे दोन कप्पे रिकामे. दोन वर्षांनी जागा भरली की तेव्हा जी मोठी आणि स्वस्त असेल तिची दुसरी जोडी टाका. चारऐवजी दोनच डिस्क फिरणार, म्हणजे उष्णता निम्मी, वीज निम्मी, मरण्याजोग्या वस्तू निम्म्या. आणि सगळ्यात मोठा फायदा: तुमचा संपूर्ण स्टुडिओ एकाच डिस्कवर मावतो. त्यामुळे बॅकअप म्हणजे एक डिस्क लावा, कॉपी होऊ द्या, काढा, पिशवीत टाका. नऊ डिस्कवर विभागून बॅकअप घ्यायचा म्हटलं की माणूस दोन महिन्यांत कंटाळतो. तुमच्या काउंटरखालचा खण हा त्याचाच पुरावा आहे.

आरशाचा आणखी एक गुण. पॅरिटीची गुंतागुंत नाही, प्रत्येक डिस्कवर सगळा माल पूर्ण असतो. नॅसचा डबाच जळाला तरी त्यातली एक डिस्क लिनक्सच्या पीसीला लावून माल काढता येतो. रेड कार्ड जळालं तर त्याच जातीचं कार्ड शोधत फिरावं लागतं, तसं इथे नाही.

---

दगडी_सर्व्हर

आयडिया आवडली, पण खोट काढल्याशिवाय राहवत नाही. १६ टीबीचा आरसा पुन्हा बांधायला किती वेळ? सरासरी सेकंदाला २०० एमबी धरले तर ८०,००० सेकंद, म्हणजे २२ तास. त्यात कुणी एडिटिंग करत बसलं तर दीड दिवस. एवढा वेळ सगळी मदार एका डिस्कवर. रेड ६ मध्ये त्या काळातही एक डिस्क जादा असते.

---

विजापूरवेस

बरोबर. रेड ६ ची खरी ताकद तीच. म्हणून डिस्क मेल्याचं कळताक्षणी पहिलं काम नवी डिस्क घालणं हे नाही. पहिलं काम, घरची बॅकअप डिस्क आणून जे राहिलंय ते उतरवून घेणं, पुन्हा तार काढणं, आणि मग रिबिल्ड. नेहमीचा बॅकअप ताजा असेल तर त्याला तास-दोन तास लागतात.

मोठ्या ऑफिसात जिथे पंचवीस माणसं नॅसवर बसलेली असतात आणि काम थांबणं म्हणजे नुकसान, तिथे मी रेड ६ च सांगेन. इथे दोन पीसी आहेत. एक दिवस नॅस बंद राहिला तर हा माणूस अल्बमची छपाई करेल.

---

मागावरचा

एकाऐवजी दोन बॅकअप डिस्क का नाही? आमच्याकडे आता तसंच आहे. 'अ' दुकानात आली की 'ब' घरी असते, शनिवारी अदलाबदल. नाहीतर ज्या दिवशी बॅकअप घ्यायला डिस्क दुकानात आणली आणि नेमकं त्याच दिवशी शॉर्टसर्किट झालं तर? दोन्ही प्रती एकाच टेबलावर. दुसरी पुढच्या सीझनच्या कमाईतून घ्या, आज नको.

आणि अण्णा, माळ्याचं काय? वर पत्रा आहे का स्लॅब?

---

कॅमेरावाला

पत्रा :(

---

मागावरचा

मग माळा विसरा. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतं, पत्र्याखाली त्याहून वर. डिस्क खोलीपेक्षा दहा-पंधरा अंश जास्त तापते. म्हणजे पंचावन्नच्या पुढे गेलीच. कंपन्या कामाची मर्यादा ६०-६५ लिहितात, पण मर्यादेला टेकवून वर्षं काढायची नसतात. मी ४५ ला इशारा लावलाय, ५० ला फोन वाजतो. एसी एडिटिंगच्या खोलीत आहे ना, तिथेच टेबलाखाली नको, टेबलाच्या बाजूला स्टँडवर ठेवा. आवाजाची सवय होते.

धुळीचंही बघा. तुमच्या शेजारी माग असतील. पूर्व भागात कुठेही जा, हवेत सुताची बारीक तुसं असतातच. आमच्या नॅसच्या पाठीमागे पंख्याच्या जाळीवर पांढरा नमद्यासारखा थर जमतो, वरून हात फिरवला तर सलग निघतो. वारा बंद, तापमान चार-पाच अंशांनी वर. रंगाचा कोरडा ब्रश घेऊन महिन्यातून एकदा साफ करायचं, नॅस बंद करून.

---

नवीपेठ_रिपेअर

यूपीएस सांगायचं राहिलं. "इन्व्हर्टर आहे की" असं म्हणू नका. इन्व्हर्टर बॅटरी संपत आली हे नॅसला सांगत नाही, तो सरळ मान टाकतो. यूएसबीची तार असलेला यूपीएस घ्या आणि ती तार नॅसला जोडा. लाईट गेली की नॅसला कळतं, पाच मिनिटं वाट बघून तो स्वतः नीट बंद होतो. दोन डिस्कच्या नॅसला ६०० व्हीएचा छोटा यूपीएससुद्धा पुरतो. बॅटरी मात्र आपल्या उन्हात लवकर जाते, दोन-तीन वर्षांनी बदलायची तयारी ठेवा आणि मधूनमधून प्लग काढून बघा, खरंच नॅस बंद होतो का.

रेड ५ वाल्यांना तर हे फारच गरजेचं. डेटा लिहिला गेला आणि पॅरिटी लिहायच्या आत लाईट गेली तर दोघांचा मेळ तुटतो, आणि ते कळतं कधी, तर डिस्क मेल्यावर. झेडएफएसला हा त्रास नाही, कार्डाला बॅटरी असेल तर कार्डालाही नाही. बाकीच्यांना आहे.

---

कॅमेरावाला

ठरत आलंय. डिस्क कुठली घ्यावी? दुकानदार "सर्व्हेलन्सची घ्या, चोवीस तास चालते" म्हणतोय.

---

दगडी_सर्व्हर

सर्व्हेलन्सची सीसीटीव्हीला. तिचा कल अखंड लिहीत राहण्याकडे असतो. तुम्हाला नॅसची नाहीतर एंटरप्राइज वर्गाची घ्या. १६ टीबीत बहुतेक हेलियम भरलेल्याच मिळतात, त्या तुलनेने थंड चालतात.

साधी डेस्कटॉपची का नको, तर एखादा सेक्टर वाचता आला नाही की ती बराच वेळ त्याच्याशी झुंजत बसते. रेडला वाटतं डिस्क मेली, तो तिला बाहेर काढतो. नॅसची डिस्क साधारण सात सेकंदांत हात वर करते आणि रेड तेवढा तुकडा जोडीदाराकडून घेतो.

आणि एसएमआर नको, सीएमआरच. सीएमआरमध्ये डिस्कवरचे ट्रॅक शेजारी-शेजारी सुटे असतात, एसएमआरमध्ये एकमेकांवर अर्धवट चढवलेले असतात, त्यामुळे एका ठिकाणी बदल करायचा तर शेजारचंही पुन्हा लिहावं लागतं. रिबिल्डला अशी डिस्क दिली की तासांचं काम दिवसांवर जातं. २०२० मध्ये याच्यावरून मोठा गदारोळ झाला होता: वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' (हे कंपनीने दिलेलं नाव, लाल या अर्थाचं, आपला रेड ५-१० वाला नव्हे) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही नॅस डिस्क एसएमआर निघाल्या आणि खोक्यावर तसं लिहिलेलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी सीएमआरवाल्यांना 'रेड प्लस' असं वेगळं नाव दिलं. त्यामुळे मॉडेल नंबर पूर्ण बघायचा, नुसतं नाव वाचून पैसे द्यायचे नाहीत.

---

विजापूरवेस

भर घालतो. पॅक डिस्क मिळाली म्हणून नवीच असेल असं धरू नका. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात उघडकीला आलं की सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या जात होत्या, त्यांच्या स्मार्टमधले (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) तास पुसून शून्य केलेले. सापडल्या कशा, तर डिस्कच्या आत 'फार्म' नावाची आणखी एक नोंद असते, तिथे खरे तास तसेच राहिले होते. स्मार्टसीटीएल या डिस्क तपासायच्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत ती नोंद वाचता येते. घ्याल तेव्हा बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या आणि कंपनीच्या साइटवर वॉरंटी भारतातली दाखवते का ते दुकानातच फोनवर बघा.

जमलं तर आरशातल्या दोन डिस्क वेगवेगळ्या दुकानांतून, नाहीतर निदान वेगवेगळ्या महिन्यांत बनलेल्या घ्या. लेबलवर तारीख असते.

आणि भरायच्या आधी प्रत्येक डिस्कची लांबवाली स्मार्ट टेस्ट चालवा. १६ टीबीला एक दिवस लागतो. लागू द्या. जी डिस्क पहिल्या आठवड्यात मरायची आहे ती रिकामी असताना मरू दे, दुकानदार बदलून देतो.

---

शेंगाचटणी

एवढं करण्यापेक्षा क्लाउडवर टाक की.

---

विजापूरवेस

९ टीबी? अपलोड अखंड ५० एमबीपीएस मिळाला तरी १६-१७ दिवस-रात्र. वर दर महिन्याचं भाडं. डिलिव्हरी झालेले अल्बम आणि अंतिम व्हिडिओ तेवढे क्लाउडवर ठेवायला हरकत नाही, कच्चं फुटेज नको.

---

कॅमेरावाला

झालं. १६ च्या तीन डिस्क, दोन इथल्या दुकानातून आणि एक पुण्याहून मेहुणा आणतोय (रेड १० चा हट्ट त्याने सोडला, पुढे दुसरी जोडी घातली की त्याच वळणावर जाणार म्हटल्यावर खूष). नॅस एसीच्या खोलीत. यूपीएस यूएसबीवाला. बॅकअपची डिस्क जुळे सोलापूरला घरी, चौथी सीझननंतर.

असिस्टंटने विचारलेले दोन प्रश्न. एक, नॅसवर १६ टीबी घातले तर विंडोजला १४.५ च का दिसतात, आत्ताच्या चार टीबीच्या डिस्कचंही ३.६३ दाखवतं, म्हणजे दुकानदाराने कापले का? दोन, जुन्या डिस्कवरचा माल उतरवायची पद्धत काय, आणि त्या नंतर विकू का?

---

नवीपेठ_रिपेअर

कापले नाहीत. कंपनी हजार-हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. माल तेवढाच.

जुन्या डिस्क पीसीला लावून नेटवर्कवरून पाठवू नका. नॅसच्याच यूएसबीला थेट लावा आणि नॅसच्या कॉपीच्या सोयीतून उतरवा. एका वेळी एक. आधी ती पट्टी पुसलेली घ्या, तिच्यात काय आहे तेच माहीत नाही म्हणजे तिचाच भरवसा सगळ्यात कमी. यूएसबी ३ च्या जुन्या लॅपटॉप डिस्कला सेकंदाला १०० एमबी धरा, ४ टीबीला अकरा-बारा तास, रात्री लावून घरी जा. सकाळी फाइलींची संख्या आणि एकूण साइज दोन्हीकडची जुळवा, आणि चार-दोन मोठ्या क्लिप नॅसवरून शेवटपर्यंत चालवून बघा. सुरुवात चालते आणि मध्येच फुटते असं होतं.

विकू नका. उतरवून झाल्या तरी पुसायच्या नाहीत, चौथी डिस्क येईपर्यंत तीच तुमची दुसरी बॅकअप. खणातून काढून घरी न्या फक्त. आणि त्या पुसलेल्या पट्टीवर आता तरी नाव लिहा.

---

विजापूरवेस

स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणी नॅसवर काय होतं त्याची नोंद, चालू करायला विसरू नका. रोज एक, महिनाभर ठेवायचे, आणि ते पुसायचा अधिकार असिस्टंटच्या लॉगिनला द्यायचा नाही. मागावरच्यांच्या पोराने उडवलेला फोल्डर त्यातून दोन मिनिटांत परत आला असता. स्क्रब महिन्यातून एकदा, रविवारी रात्री. नॅसचा इशारा तुमच्या मेलवर येतो का, तेही मुद्दाम एक टेस्ट मेल पाठवून बघा. स्पॅममध्ये जातो बऱ्याचदा.

---

कॅमेरावाला

टेस्ट मेल स्पॅममध्येच गेला होता. काढला. चिठ्ठ्याही चिकटवल्या, सिरीयल नंबरच्या. लांबवाली टेस्ट सुरू आहे, एक डिस्क ३८ अंश, दुसरी ४०. दुसरी वरच्या कप्प्यात आहे म्हणून का?

---

मागावरचा

दोन अंशांचं काही नाही. मध्ये एक कप्पा रिकामा सोडून लावा, आहेत की दोन रिकामे.